काशीला पोचलेली पत्रे : फाळक्यांच्या पुराणपटांतील निवडक दृश्ये

दादासाहेब फाळके यांच्या चरित्रात काशी दोनदा येते. प्रथम ती कथेच्या अंगाने येते. १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटाचा नायक राज्य दान करून टाकतो आणि ऋषीची दक्षिणा फेडण्यासाठी बायकामुलासह काशीचाच रस्ता धरतो. दुसऱ्यांदा ती प्रत्यक्षात येते. १९१९ सालच्या 'कालियामर्दन'ने फाळक्यांना कीर्तीच्या शिखरावर नेऊन ठेवले होते. पण ज्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीच्या नावाखाली तो चित्रपट निघाला, तिच्या भागीदारांशी त्यांचे पटेनासे झाले होते. फाळक्यांनी कंपनी सोडली, चित्रपटाशी आपला संबंध संपला असे जाहीर केले आणि ते सहकुटुंब काशीला जाऊन राहिले. तेथे त्यांनी तत्कालीन नाट्यव्यवहारावर उपहासात्मक टीका करणारे 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. चित्रपटाची कथा सांगताना ज्याने सर्वस्व सोडून काशीला येणारा राजा रंगवला, त्याच्याच वाट्याला सहा-सात वर्षांनी जवळपास तोच प्रवास यावा, हा योगायोग चरित्रकारांना मोह घालणारा आहे. तथापि या काशीवासाचे खरे महत्त्व वेगळ्याच एका घटनेत आहे.

'संदेश'कार अच्युत बळवंत कोल्हटकर यांनी फाळक्यांना पत्र पाठवून चित्रपटसृष्टीत परत येण्याची विनंती केली. चित्रपटापुरते आपण आता मेलेलो आहोत, पुन्हा जिवंत होण्याची आपली इच्छा नाही, अशा आशयाचे उत्तर काशीहून आले. कोल्हटकरांनी ते उत्तर आपल्या पत्रात छापले. त्यावर वाचकांची पत्रे येऊ लागली आणि संपादकांनी ती सगळी काशीला रवाना केली. ती वाचून फाळक्यांचे मन वळले आणि ते नाशिकला परतले. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात प्रेक्षकाच्या आवडीने एखाद्या कलावंताच्या निर्णयात हस्तक्षेप केल्याचे हे बहुधा पहिलेच ठळक उदाहरण असावे. समीक्षेने मात्र त्याकडे फाळक्यांच्या लोकप्रियतेचा पुरावा यापलीकडे फारसे पाहिलेले नाही. त्या पत्रलेखकांना नेमके काय हवे होते? रामकृष्णांच्या कथा तर त्यांना कीर्तनातून, ओव्यांतून, नाटकांतून मिळतच होत्या. कथा हाती असूनही जे फाळक्यांवाचून मिळणार नाही असे त्यांना वाटले, ते कोणते? आवडीचे हे द्रव्य तपासून पाहणे, हाच फाळक्यांच्या कलेचा शोध घेण्याचा एक सरळ मार्ग आहे.

ज्याचा शेवट आधीच ठाऊक आहे अशा कथेत आवड कशी काम करते, हे समजून घेण्यास काशीइतकी योग्य जागा दुसरी नाही. गंगेच्या पलीकडच्या तीरावर, रामनगरला, दरवर्षी अनंत चतुर्दशीच्या सुमारास रामलीला सुरू होते आणि सुमारे महिनाभर चालते. अयोध्या, जनकपूर, चित्रकूट, पंचवटी, लंका अशी तिची स्थळे गावभर आणि गावाबाहेर पसरलेली आहेत. लीला पुढे सरकते तसा प्रेक्षकही एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी चालत जातो. ध्वनिक्षेपक नाही, विजेचे दिवे नाहीत. मशाली आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात रामायणी मंडळी 'मानस' गातात. महिनाभर एकही दिवस न चुकवणाऱ्या प्रेक्षकाला तेथे 'नेमी' म्हणतात. या नेमींना पुढे काय होणार याची उत्सुकता असण्याचे कारणच नाही. त्यांपैकी कित्येकांच्या हातात पोथी असते. ते ज्यासाठी थांबतात तो क्षण दिवसाच्या शेवटी येतो. आरतीच्या वेळी महताबी पेटते, राम, लक्ष्मण, सीता झालेली कुमारवयीन मुले निश्चल उभी राहतात, कथा थांबते आणि सारा समुदाय नुसता पाहत राहतो. कोणाला धनुर्भंगाची झाकी प्रिय, कोणाला भरतभेटीची. नेमीची आवड अशा रीतीने कथेतून प्रसंग निवडते आणि प्रसंगातून एक पाहण्याजोगा क्षण वेगळा काढते.

फाळक्यांच्या पुराणपटांचा चाहता हा याच नेमीच्या कुळातला आहे. फरक इतकाच की नेमीला त्याची लीला दरवर्षी संपूर्ण मिळते. फाळक्यांच्या चाहत्याच्या हाती मात्र तुकडे आहेत. फाळक्यांनी शंभराच्या जवळपास कथापट काढले असे मानले जाते. त्यांतील बहुतेक नष्ट झाले. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने, विशेषतः पी. के. नायर यांच्या चिकाटीने, फाळके कुटुंबीयांकडून आणि इतरत्र जे मिळाले ते जपले, म्हणून आज काही रिळे पाहता येतात. 'राजा हरिश्चंद्र'ची आरंभीची आणि अखेरची रिळे, 'लंकादहन' (१९१७) आणि 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) यांचे अंश आणि बऱ्याच अंशी सलग असे 'कालियामर्दन' ही त्यांतली मुख्य सामग्री. या सामग्रीतून रसिकाने आपली प्रिय दृश्ये निवडायची ठरवली तर चार दृश्ये पुन:पुन्हा पुढे येतात.

पहिले दृश्य काशीचेच आहे. 'राजा हरिश्चंद्र'ची उरलेली रिळे १९१३ च्या मूळ चित्रपटाची की १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा काढलेल्या आवृत्तीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. दृश्याच्या आस्वादाला त्याने बाध येत नाही. काशीच्या राजपुत्राच्या खुनाचा आळ तारामतीवर आला आहे, तिचा शिरच्छेद करण्याची आज्ञा झाली आहे आणि ती आज्ञा पाळण्याचे काम हरिश्चंद्राकडे आले आहे. दादरच्या स्टुडिओत आणि वांगणीच्या परिसरात चित्रित झालेल्या या चित्रपटातील काशी ही घाट, मंदिरे, गल्ल्या यांची काशी नव्हे. स्थळाचा वास्तव आभास निर्माण करण्याची ऐपत फाळक्यांकडे नव्हती आणि कदाचित त्यांना त्याची निकडही वाटली नसावी. त्यांची काशी म्हणजे माणसाच्या शब्दाची परीक्षा होण्याची जागा. दत्तात्रय दामोदर दाबके यांचा हरिश्चंद्र शस्त्र उगारतो आणि त्याच क्षणी शंकर प्रकट होतो. रूढ समजुतीप्रमाणे दृश्याचा कळस शंकराच्या प्रकट होण्यात असायला हवा. पण पुन:पुन्हा पाहणाऱ्याचे लक्ष त्या आधीच्या क्षणावर खिळते. उगारलेला हात तसाच वर आहे, देव अजून आलेला नाही आणि आज्ञा पाळायची हे पक्के ठरले आहे. चमत्काराने या क्षणाची सुटका होते, परंतु क्षणाला मोल येते ते चमत्कार होणार नाही असे मानून उचललेल्या हातामुळे. मूकपटाला येथे शब्दाची उणीव भासत नाही. किंबहुना संवाद असता तर हरिश्चंद्राने सत्याविषयी दोन वाक्ये ऐकवलीच असती आणि तो हात हलका झाला असता.

दुसरे दृश्य 'लंकादहन'मधील अशोकवनाचे. हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक हात जोडत, पादत्राणे काढून ठेवत, असे सांगितले जाते. मुंबईत पहिल्या दहा दिवसांत त्याने ३२ हजार रुपये मिळवल्याची नोंद आहे. गर्दी अर्थातच मारुतीच्या उड्डाणासाठी आणि लंकेच्या आगीसाठी लोटली असणार. प्रोफेसर केळफा या उलट्या नावाने जादूचे प्रयोग करणाऱ्या फाळक्यांकडून लोकांनी त्याहून कमी अपेक्षा केली नसती. आणि तरीही आज उरलेल्या अंशात जे मनात घर करते ते सीतेचे नुसते असणे. ही सीता अण्णा साळुंके यांची आहे, आणि रामही त्यांचाच. ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहातून फाळक्यांनी त्यांना आणले आणि 'राजा हरिश्चंद्र'ची तारामती केले. कोणी स्त्री पडद्यावर यायला तयार नव्हती, ही त्यामागची अडचण सर्वश्रुत आहे. त्या अडचणीतून 'लंकादहन'मध्ये जे निष्पन्न झाले ते मात्र अडचणीच्या पलीकडचे आहे. रामाचा विरह आणि सीतेचा विरह एकाच देहाने वाहिला. वृक्षाखाली बसलेल्या त्या सीतेचे दंड पुरुषाचे आहेत हे लपत नाही. फाळक्यांनी ते लपवण्याचा फारसा प्रयत्नही केलेला दिसत नाही. प्रेक्षक ते पाहतो, जाणतो आणि तरीही सीतेलाच पाहतो. रामनगरला चौदा वर्षांच्या आतले पोर राम होते तेव्हा नेमी याच पद्धतीने पाहतो. त्याच्या दृष्टीने मुलगा मुलगाच राहतो आणि राम रामच. दोघांच्या एकत्र असण्यात त्याला विसंगती जाणवत नाही. वास्तववादी अभिनयाच्या कसोटीवर ही सीता टिकणार नाही. पण ती कसोटी येथे लावणे म्हणजे घटस्थापनेतील घट मातीचा आहे अशी तक्रार करण्यासारखे आहे.

तिसऱ्या दृश्यात फाळक्यांमधला जादूगार पूर्ण सामर्थ्याने प्रकट होतो. 'श्रीकृष्णजन्म'मध्ये भयग्रस्त कंसाला जिकडेतिकडे कृष्ण दिसू लागतो. त्याला स्वतःचे मस्तक धडावेगळे होऊन वर जाताना आणि पुन्हा येऊन बसताना दिसते. तंत्राच्या दृष्टीने ही करामत त्या काळात पाश्चात्त्य चित्रपटांतही रूढ होती. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएसने आपलेच डोके हवेत उडवण्याचे खेळ विसाव्या शतकाच्या आरंभीच पडद्यावर करून दाखवले होते. मेलिएसकडे त्यातून हसू येते, कारण तेथे डोके उडणे हा निव्वळ खेळ असतो. फाळक्यांनी तीच युक्ती कंसाच्या मनात नेऊन ठेवली. मस्तक उडताना दिसते ते कंसाला. प्रेक्षकाला कंसाची भीती दिसते. पुराणातील प्रसंगाला मानसिक परिमाण देण्याची ही पद्धत १९१८ सालच्या भारतीय चित्रपटात अपवादात्मकच म्हणावी लागेल. याच चित्रपटाच्या उरलेल्या भागात यमुनेतून कालियाच्या फण्यावर उभा असलेला बालकृष्ण वर येतो आणि काठावरची माणसे त्याला पाहतात. कंसाचे पाहणे आणि काठावरच्यांचे पाहणे ही दोन टोके एकाच चित्रपटात समोरासमोर येतात. देव तोच आहे. एकाला त्याचे रूप मृत्यूसारखे दिसते, इतरांना ते सुटकेसारखे दिसते. फाळक्यांनी यावर भाष्य केलेले नाही. केवळ दोन्ही दृष्टी दाखवल्या आहेत.

चौथे दृश्य 'कालियामर्दन'चे, आणि प्रिय दृश्यांमध्ये अग्रमान त्यालाच द्यावा लागेल. प्रत्यक्षात ती दोन दृश्ये आहेत. एक चित्रपटाच्या आरंभी येते, दुसरे अखेरीस. चित्रपटाचा आरंभ कथेने होत नाही. पडद्यावर एक लहान मुलगी येते. ती फाळक्यांची कन्या मंदाकिनी. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ थांबतो आणि ती एकामागून एक भाव दाखवत जाते. मग हळूहळू त्याच मुलीच्या जागी मुकुट ल्यालेला कृष्ण येतो. चित्रपटाच्या दाराशीच फाळक्यांनी प्रेक्षकाला सांगून टाकले आहे की ही मुलगी आहे आणि हीच आता कृष्ण होणार आहे. जादूगाराने खेळापूर्वी आपल्या बाह्या वर करून दाखवाव्यात, त्यातलाच हा प्रकार. येथे मात्र बाह्या वर केल्याने जादू कमी होत नाही, उलट वाढते. पुढे मंदाकिनीचा कृष्ण गोकुळात सवंगड्यांसह खोड्या करतो, लोणी चोरतो, रात्री एका धनिकाच्या शयनगृहात शिरून झोपलेल्या नवऱ्याची दाढी बायकोच्या केसांना बांधतो. या साऱ्या प्रसंगांत देवाच्या लीलेपेक्षा घरातल्या मुलीचे खेळणेच अधिक जाणवते. हे पोर आपल्या आळीतले आहे अशी प्रेक्षकाची खात्री पटते.

आणि मग अखेरीस ते पोर डोहात उडी घेते. पाण्याखाली कृष्ण आणि कालिया यांची झुंज, पाण्यावर काठाशी जमलेले गोकुळ, अशी दोन ठिकाणे फाळके आलटून पालटून दाखवतात. सर्प कृत्रिम आहे हे उघड आहे. आजच्या प्रेक्षकाला तो किंचित हास्यास्पदही वाटू शकेल. पण काठ कृत्रिम नाही. यशोदेचे मूर्च्छित होणे, गोपगोपींचे पाण्याकडे लागलेले डोळे, कोणाचे तरी पुढे होणे आणि कोणी तरी त्याला मागे ओढणे, यांत खरे नाट्य आहे. पाण्याखाली काय चालले आहे ते प्रेक्षकाला दिसते. काठावरच्यांना दिसत नाही. कृष्ण जिंकणार हे प्रेक्षकाला कथेमुळेही ठाऊक आहे आणि दृश्यामुळेही. तरी तो काठावरच्यांबरोबर श्वास रोखतो. का? कारण आरंभी त्याला मुलीचा चेहरा दाखवलेला आहे. त्याच्या दृष्टीने डोहात देव उतरला आहे तसे एका माणसाचे लेकरूही उतरले आहे. आणि ज्याचे लेकरू आहे तोच कॅमेऱ्यामागे उभा आहे. भक्तीचे आणि वात्सल्याचे हे मिश्रण महाराष्ट्राच्या संतकवितेला अपरिचित नाही. चित्रपटाच्या भाषेत ते पहिल्यांदा सिद्ध झाले ते येथे.

या चार दृश्यांत एक समान सूत्र आढळते. प्रत्येक ठिकाणी चमत्कार आहे अथवा चमत्काराची चाहूल आहे. परंतु दृश्याचे बळ चमत्काराच्या अलीकडे, त्याला सामोरे जाणाऱ्या माणसात आहे. उगारलेला हात, झाडाखालची प्रतीक्षा, भयाने पाहणारा कंस, काठावर खोळंबलेले गोकुळ. फाळक्यांना चमत्काराचे तंत्र अवगत होते म्हणून त्यांची वाखाणणी नेहमीच होत आली आहे. त्या तंत्राला साक्षीदार लागतो, हे त्यांना उमगले होते, ही त्यांची त्याहून मोठी कमाई होय. राजा रविवर्म्याच्या छापखान्याशी आलेला संबंध, बडोद्याच्या कलाभवनातील शिक्षण, छायाचित्रण, जादू या साऱ्यांतून त्यांनी प्रतिमा कशी घडवावी हे आत्मसात केले. ती प्रतिमा कोणाच्या डोळ्यांसाठी, या प्रश्नाचे बीज मात्र १९११ सालच्या ईस्टरच्या सुमारास पडले असले पाहिजे. त्या वेळी गिरगावातल्या तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या सरकू लागली, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. भारतीय चित्रपटाचा जनक प्रथम प्रेक्षक होता, आणि आपल्या चित्रपटांत त्याने प्रेक्षकाची जागा राखून ठेवली.

या निवडीवर दोन आक्षेप घेता येतील आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की ही निवड रसिकाची नसून नियतीची आहे. जी रिळे वाचली त्यांतूनच दृश्ये निवडली गेली. 'मोहिनी भस्मासुर'मधली कमलाबाई, 'सत्यवान सावित्री'तला यम यांच्याशी या दृश्यांची तुलना करण्याची संधीच चाहत्याला मिळालेली नाही. हा आक्षेप मान्य करावा लागतो. शंभरांतून निवडणे आणि चारपाच अवशेषांतून निवडणे यांना एकच नाव देता येत नाही. एवढेच म्हणता येईल की अवशेषांतसुद्धा दुबळी दृश्ये आहेत. दरबाराचे लांबलेले प्रसंग, हालचालीविना उभी असलेली मंडळी, एकाच अंतरावरून टिपलेले नाटकी हावभाव यांचा भरणा तेथेही आहे. रसिक त्यांना बाजूला ठेवतो, म्हणजे काही एक तारतम्य काम करतेच.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि तो थेट काशीला गेलेल्या पत्रांना भिडतो. चाहत्याच्या चारही प्रिय दृश्यांचे चित्रपट काशीपूर्वीचे आहेत. पत्रांनी फाळक्यांना परत आणले. त्यानंतर ते हिंदुस्थान कंपनीतच पुन्हा रुजू झाले, दशकभर चित्रपट काढत राहिले, पण आधीची उंची त्यांना पुन्हा क्वचितच गाठता आली. 'सेतुबंधन' १९३२ साली पडद्यावर आला तो मूकपट म्हणून. आदल्याच वर्षी 'आलम आरा' बोलू लागला होता; 'सेतुबंधन'ला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी काढलेला 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपट ठरला. तोपर्यंत प्रभातचा 'संत तुकाराम' आलेला होता आणि चमत्काराकडे पाहण्याची मराठी प्रेक्षकाची दृष्टीच पालटली होती. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला फाळके निवर्तले तेव्हा ज्या सृष्टीचा त्यांनी पाया घातला ती त्यांना जवळजवळ विसरली होती. मग त्या पत्रलेखकांनी काय साधले? काशीत नाटक लिहिणाऱ्या, आपल्या सोडलेल्या धंद्याकडे अंतर राखून पाहू लागलेल्या एका कलावंताला त्यांनी पुन्हा त्याच कारखान्यात लोटले, असे कोणी म्हटल्यास त्याला काय उत्तर द्यावे?

उत्तर 'रंगभूमी'च्या भवितव्यात शोधण्याचा मोह होतो. ते नाटक रंगमंचावर आले, पण लोकांनी उचलून धरले नाही. त्यावरून फाळक्यांचे क्षेत्र चित्रपटच होते असा निष्कर्ष काढता येईल. परंतु यशापयशाने कलावंताचे क्षेत्र ठरवणे हा समीक्षेचा मार्ग नव्हे. तसे केले तर 'गंगावतरण'च्या अपयशाने तेही क्षेत्र त्यांच्या हातून जाईल. पत्रांचे समर्थन परिणामांवरून करता येत नाही, हे प्रांजळपणे मान्य केलेले बरे. त्यांचा विचार आवडीच्या अंगानेच करायला हवा.

आवड ही सामान्यतः समीक्षेच्या अलीकडची पायरी मानली जाते. आवडले म्हणणाऱ्याला कारण विचारावे, आणि कारण देता आले की तो समीक्षक झाला, असा एक समज आहे. फाळक्यांच्या बाबतीत तो उलटा करून पाहावा लागतो. त्यांच्या काळातील विद्वानांनी चित्रपटाकडे लक्ष देण्याच्याही आधी, कोणत्याही परिभाषेवाचून, तिकीट काढून बसलेल्या माणसाने ओळखले होते की या प्रतिमांमध्ये आपल्यासाठी जागा ठेवलेली आहे. यमुनेच्या काठावर जे उभे आहेत त्यांच्यात आपणही आहोत. म्हणून फाळके गेल्यावर त्याला आपलेच काही हरवल्यासारखे वाटले. कीर्तनकार गेला तर दुसरा येईल, नाटक कंपनी मोडली तर दुसरी निघेल. पण काठावर आपल्याला उभे करून डोहाकडे पाहायला लावणारा माणूस दुसरा नाही, हे त्याला कळले होते. त्याने ते कोणत्या शब्दांत लिहिले याला महत्त्व नाही. काशीला गेलेली पत्रे ही या अर्थाने मराठीतील चित्रपटसमीक्षेचा एक आरंभ मानता येतील.

पुढचे यश ती पत्रे देऊ शकली नाहीत, कारण ते देणे कोणाही प्रेक्षकाच्या हाती नसते. नेमीसुद्धा रामलीला उत्तम व्हावी म्हणून काही करू शकत नाही. तो फक्त रोज येतो. गावातून अंधाऱ्या वाटेने चालत येऊन महताबीच्या उजेडात उभे राहणे, एवढेच त्याचे काम. परंतु तो आला नाही तर आरती कोणासाठी, हा प्रश्न उरतो. 'कालियामर्दन'च्या अखेरीस फण्यावर उभा असलेला कृष्ण पाण्यातून वर येतो तेव्हा त्याला पाहायला काठ भरलेला आहे. काशीत एक माणूस आपण मेलो असे लिहून बसला होता. त्याच्या हाती पडलेल्या पत्रांतून त्याला कळले असले पाहिजे की तो काठ अजून रिकामा झालेला नाही.